६४ जीबीचं मेमरी कार्ड, फॉरमॅट केल्यावर फक्त २५२ एमबी! मदत हवी आहे

पाटीपेन्सिल

जाणकारांची मदत हवी आहे. माझ्याकडे ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड आहे. वर्षभर ते रास्पबेरी पायमध्ये (तळहाताएवढा, एका बोर्डावरचा संगणक) होतं. तो उद्योग आता संपला, बोर्ड कपाटात गेला, म्हणून म्हटलं कार्ड जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात वापरू. विंडोजच्या संगणकाला लावलं, राईट क्लिक केलं, फॉरमॅट केलं. एका मिनिटाचं काम. पण क्षमता दिसतेय २५२ एमबी!

तीनदा फॉरमॅट करून झालं. एकदा 'क्विक'ची खूण काढूनही केलं. आकडा ढिम्म हलत नाही. ॲडॅप्टरमध्ये घालून कॅमेऱ्यात टाकलं तर तो 'हे कार्ड वापरता येणार नाही' म्हणून मोकळा होतो.

उरलेली जागा गेली कुठे? कार्ड मेलं का? बरं, हे कार्ड कोरं असतानाही ५९ आणि काहीतरी जीबीच दाखवायचं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. कार्डावरचं काहीही वाचवायचं नाहीये, सगळं पुसलं गेलं तरी चालेल. आगाऊ धन्यवाद.

टिंब

फुल फॉरमॅट मारा. क्विकने नुसती यादी पुसली जाते, जागा मोकळी होत नाही.

पाटीपेन्सिल

मारलं की. वर लिहिलंय.

खोडरबर

टिंब, क्विकने यादी पुसली जाते हे बरोबर, पण जागा त्यानेही मोकळीच होते. इथे मुद्दा वेगळा आहे. क्विक असो वा फुल, फॉरमॅट एका विभाजनापुरतं (पार्टिशन, म्हणजे कार्डाचा एक हिस्सा) चालतं, अख्ख्या कार्डावर नाही.

पाटीपेन्सिल, कार्ड ठणठणीत असावं. रास्पबेरी पायची प्रणाली कार्डावर लिहिली की कार्डाची वाटणी होते. पहिला हिस्सा छोटा, बूट होण्यापुरता, फॅट३२ (फाईली मांडून ठेवायची एक पद्धत) मधला. बाकी सगळी जागा दुसऱ्या हिश्श्यात, आणि तो असतो लिनक्सच्या एक्स्ट४ या पद्धतीत. विंडोजला एक्स्ट४ आपणहून वाचता येत नाही. म्हणजे वाड्याची वाटणी झालीय आणि तुम्ही जिन्याखालची खोली तीनदा झाडून काढलीत.

एक सांगा, कार्ड लावल्यावर ड्राईव्हची दोन अक्षरं दिसतात का? दुसऱ्यावर टिचकी मारली की 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असा निरोप येतो का?

पाटीपेन्सिल

येतो! मला वाटलं कार्ड रीडर खराब झालाय, म्हणून दर वेळी 'कॅन्सल' करत होतो. :(

खोडरबर

तेच तुमचे हरवलेले जीबी. त्या निरोपाला 'हो' म्हटलं असतं तरी कार्डावर दोन वेगळे ड्राईव्हच राहिले असते. वाटणीच मोडायला हवी.

सोपा मार्ग: एसडी असोसिएशनचं 'एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर' नावाचं मोफत साधन आहे. ते अख्खं कार्ड एकसंध करतं.

दुसरा मार्ग विंडोजमध्येच आहे, डिस्कपार्ट, म्हणजे डिस्कची वाटणी करणारं साधन. (आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाईप इंग्रजीतच करा.) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'डिस्कपार्ट' लिहा, मग 'लिस्ट डिस्क'. आकारावरून कार्ड ओळखा, 'सिलेक्ट डिस्क' आणि त्याचा क्रमांक, मग 'क्लीन'. वाटणीचा कागदच फाटतो. त्यानंतर 'क्रिएट पार्टिशन प्रायमरी' आणि शेवटी फॉरमॅट.

'क्लीन' आधी क्रमांक दोनदा बघा. तिसऱ्यांदाही बघा. डिस्कपार्ट 'खात्री आहे का?' असं विचारत नाही. चुकीचा क्रमांक दिलात तर संगणकातल्या दुसऱ्याच डिस्कची वाटणी उडेल. मी बाकीच्या सगळ्या यूएसबी डिस्क उपटून ठेवतो आणि मगच हे करतो. भित्रा म्हणा हवं तर.

बिटबाईट

खोडरबर +१.

५९ जीबीचं कोडं: कुणी काही खाल्लेलं नाही. कार्ड बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाईट धरतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि तरीही पुढे जीबीच लिहितं. ६४०० कोटी बाईटला १०२४ ने तीनदा भागा, ५९.६ येतात. याच हिशोबाने ३२ चं कार्ड २९.८ दिसतं आणि १२८ चं ११९.२. थोडी जागा फाईल प्रणालीच्या नोंदींना लागते, म्हणून प्रत्यक्षात आकडा किंचित इकडेतिकडे होतो.

आता कॅमेरा. ही कटकट वाटणीपेक्षा वेगळी असू शकते. कॅमेऱ्यावर किंवा कार्डाच्या झाकणापाशी एसडी, एसडीएचसी, एसडीएक्ससी यांपैकी कोणतं चिन्ह आहे?

पाटीपेन्सिल

एसडीएचसी. कार्डावर मात्र एक्ससी लिहिलंय. मला वाटलं नुसता वेगाचा फरक असेल.

बिटबाईट

वेगाचा नाही, क्षमतेचा. मूळ एसडी २ जीबीपर्यंत. एसडीएचसी त्यापुढे ३२ जीबीपर्यंत, आणि त्यात फॅट३२. एसडीएक्ससी ३२ च्या पुढे २ टीबीपर्यंत, त्यात एक्सफॅट ही नंतरची पद्धत. तुमचा कॅमेरा एसडीएचसीच्या काळातला, त्याला एक्सफॅट कळणार नाही. त्यामुळे वरचं फॉरमॅटर वापरलंत तर कार्ड अखंड होईल, पण कॅमेरा पुन्हा नाक मुरडेल. ते साधन नियमाला धरून ६४ जीबीला एक्सफॅटच देतं.

पण एचसी आणि एक्ससी कार्डांना जागेचा पत्ता सांगायची पद्धत एकच आहे, ५१२ बाईटच्या ठोकळ्यांनी. म्हणून ६४ चं कार्ड फॅट३२ मध्ये बांधलं तर एचसीवाली पुष्कळ उपकरणं ते मुकाट्याने घेतात. हमी नाही, कारण नियमावलीत हे बसत नाही. करून बघण्यासारखं मात्र नक्की आहे. मूळ एसडीवाल्या कॅमेऱ्यात ही युक्ती चालत नाही, तिथे पत्ता एकेका बाईटचा असतो. त्याला एचसी कार्डसुद्धा कळत नाही, तुम्ही काहीही फॉरमॅट करा.

अडचण एवढीच की बहुतेक विंडोजमध्ये फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच दाखवत नाही. ती विंडोजची मर्यादा आहे, फॅट३२ ची नव्हे. दोन वाटा आहेत. एक, फॅट३२ साठीचं वेगळं छोटं साधन वापरा. दोन, डिस्कपार्टमध्ये विभाजन बनवतानाच 'साईझ=३००००' द्या आणि तेवढाच तुकडा फॅट३२ करा. निम्मं कार्ड वाया, पण कॅमेऱ्याच्या समजुतीत बसणारं.

अनवट

अवांतर: क्षमता खरी आहे का तेही तपासून घ्या. नकली कार्डं आपली क्षमता खोटी सांगतात. भरेपर्यंत सगळं सुरळीत, मग नव्या फाईली जुन्यांवर चढतात आणि फोटो उघडायला गेलात की अर्धा राखाडी. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफथ्री. दोन्ही कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतात. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

आणि ज्यांना फोटो *परत* हवे आहेत ते चुकून हा धागा वाचत असतील तर: वरचं काहीही करू नका. कार्ड बाहेर काढा, त्यावर नवीन काही लिहू नका, आधी फोटोरेक (पुसलेल्या फाईली परत मिळवणारं साधन) चालवा. क्विक फॉरमॅटनंतरही मजकूर बऱ्याचदा जागेवर असतो. विंडोजचं फुल फॉरमॅट मात्र शून्यं लिहीत जातं, त्यानंतर हाती काही लागत नाही.

टिंब

मी फुल मारा म्हणालो होतो. यांना काही वाचवायचं नव्हतं, हे नशीब.

पाटीपेन्सिल

केलं! 'लिस्ट डिस्क'मध्ये कार्ड ५९ जीबी दिसलं तेव्हाच जीव भांड्यात पडला. खोडरबर, क्रमांक चारदा बघितला.

आधी अख्खं कार्ड एक्सफॅट करून अनवट यांनी सांगितलेली चाचणी रात्रभर चालवली. एकही चूक नाही, कार्ड अस्सल. कॅमेऱ्याने अपेक्षेप्रमाणे नाकारलं. मग वेगळ्या साधनाने पूर्ण ६४ फॅट३२ केलं आणि कॅमेऱ्याने घेतलं! चालू होताना चारपाच सेकंद विचार करतो, मग हजारो फोटोंची जागा दाखवतो. त्यानंतर कॅमेऱ्यातूनच एकदा फॉरमॅट केलं. तरीही सगळी जागा शाबूत.

एक शंका राहिली. लांबलचक व्हिडिओ घेतला तर?

बिटबाईट

फॅट३२ मध्ये एक फाईल ४ जीबीच्या आतच राहते. त्या काळातले कॅमेरे तिथे पोचले की एकतर नवी फाईल सुरू करतात किंवा चित्रण थांबवतात. तुमचा काय करतो ते घरच्या घरी एकदा चालू ठेवून बघा, समारंभात कळण्यापेक्षा बरं. सुरुवातीचा तो विचार म्हणजे रिकाम्या जागेची मोजणी असावी, मोठ्या फॅट३२ कार्डाला होतं तसं.

आणि कॅमेरा चालतोय म्हणून लगेच अनमोल काही त्यात ठेवू नका. एकदा कार्ड जवळजवळ भरा, सगळे फोटो संगणकावर उघडून बघा. ३२ च्या पलीकडे लिहितानाच गडबडणारी उपकरणंही असतात.

पाटीपेन्सिल

भरून बघितलं, शेवटचा फोटोही नीट उघडला. व्हिडिओ ४ जीबीपाशी थांबतो, पुन्हा बटण दाबावं लागतं. चालेल, मला फोटोच काढायचेत.

कार्डाच्या डबीवर चिठ्ठी चिकटवली आहे: 'फॅट३२. कॅमेऱ्याचं. पायमध्ये घालू नये.' सगळ्यांचे मनापासून आभार.