मोटली नर × स्ट्राइप मादी, सगळी पिल्लं मोटली कशी काय?

थेम्सकाठचा
नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात असतो, घरी कॉर्न स्नेक या पाळीव सापांची जोडी आहे (आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर तिने फोनच बाबांच्या हातात दिला, असो). नर मोटली (पाठीवर गोल ठिपके), मादी स्ट्राइप (पाठीवर लांब पट्टे). दोन्ही जीन रिसेसिव्ह (दोन कॉपी असल्या तरच दिसणारे) असं सगळीकडे वाचलंय. मग शाळेतल्या मेंडेलच्या हिशोबाने पिल्लाला मोटलीची एक कॉपी बापाकडून, स्ट्राइपची एक आईकडून, म्हणजे कुठल्याच जीनच्या दोन होत नाहीत, तर पिल्लं नॉर्मल दिसायला हवी ना? आमच्याकडे सगळीच्या सगळी मोटली निघाली. पालथी करूनपण बघितली, नॉर्मल कॉर्नच्या पोटावर असतात ते काळे-पांढरे चौकोन एकालाही नाहीत. ज्यांच्याकडून मादी घेतली ते म्हणतात ती हेट मोटली असणार, म्हणजे मोटलीची एक कॉपी तिच्यात लपलेली. पण तसं असतं तर फार तर निम्मी मोटली आली असती. डोकं चालेना झालंय.

खवलेबुवा
मोटली डॉमिनंट (एकच कॉपी पुरणारा) असेल, सोप्पंय.

सरपटणारी_सई
नाही हो बुवा, डॉमिनंट असता तर मोटली × नॉर्मलमधून मोटली पिल्लं आली असती, आणि तिथे तर सगळी नॉर्मलच येतात (नॉर्मलच्या पोटात मोटली लपलेला नसेल तर अर्थात).

थेम्सकाठचा, गोम अशी आहे की मोटली आणि स्ट्राइप हे दोन वेगळे जीन नाहीतच, एकाच जीनची दोन रूपं आहेत. जागा एक, तिथे नॉर्मल, मोटली नाहीतर स्ट्राइप यापैकी काहीही बसू शकतं, आणि प्रत्येक सापाकडे अशा दोनच खुर्च्या, एक आईची एक बापाची. नॉर्मल दोघांना झाकतो. नॉर्मल नसेल तेव्हा मोटली स्ट्राइपला झाकतो. तुमच्या पिल्लांकडे एक मोटली एक स्ट्राइप, नॉर्मल कॉपी एकही नाही, मग नॉर्मल दिसणार कुठून?

आणि तो हेट मोटलीचा खुलासा तर अजिबातच बसत नाही. मादी स्ट्राइप दिसतेय म्हणजे तिच्या दोन्ही खुर्च्या स्ट्राइपने अडवल्यात. स्ट्राइप हेट मोटली असा साप असू शकत नाही. मोटली हेट स्ट्राइप मात्र असतो, आणि तुमचं प्रत्येक पिल्लू तेच आहे. जिनिव्हा विद्यापीठाच्या लोकांनी ही जागा शोधूनही काढली, सीएलसीएन२ नावाचा क्लोराइड चॅनेलचा जीन आहे.

थेम्सकाठचा
अरे वा, आता पेटली ट्यूब! म्हणजे मी जो हिशोब केला तो ॲमेल × ॲनरीला लागू होतो, इथे नाही?

सरपटणारी_सई
बरोब्बर. ॲमेलमध्ये काळा रंग नाही, ॲनरीमध्ये लाल नाही, जागा वेगवेगळ्या, म्हणून पहिल्या पिढीत सगळी नॉर्मल, दोन्हीला हेट. त्यांची आपसात जोडी लावली तर सोळात एक स्नो (ॲमेल आणि ॲनरी दोन्ही एकत्र).

मृद्गंध७८
पुढच्या पिढीचा हिशोब मी करतो. ही पिल्लं मोठी होऊन आपसात लावली तर सरासरी चारात तीन मोटली, एक स्ट्राइप. सरासरी म्हणतोय हां, प्रत्येक अंड्याचा पत्ता नव्याने पिसला जातो, बारा अंड्यांत एकही स्ट्राइप न येणं काही अशक्य नाही, लोक लगेच ब्रीडरच्या नावाने शंख करतात. त्या मोटलींपैकी तीनात दोन हेट स्ट्राइप, यालाच विकताना ६६ टक्के हेट म्हणतात. मोटली-स्ट्राइप असलेल्या सापाच्या पाठीवरचे गोल ठिपके कधी कधी लांबट होतात, मध्येच पट्ट्यासारखे तुटक दिसतात, पण नुसत्या नजरेवर पैसे लावू नका, स्ट्राइपशी जोडी लावल्यावर जे निघेल तो खरा पुरावा.

खवलेबुवा
बरं बाबा, मोटली नाही तर नाही. तो दुसरा नक्षीचा प्रकार, टेसेरा, तो तरी डॉमिनंट आहे ना? का तेही नाही 😄

सरपटणारी_सई
हो बुवा, यावेळी जिंकलात. टेसेराची एक कॉपी पुरते, नॉर्मलशी लावला तरी साधारण निम्मी पिल्लं टेसेरा. हेट टेसेरा असं कुणी लिहून नॉर्मल दिसणारा साप विकत असेल तर दुकानातून बाहेर पडा.

थेम्सकाठचा
टेसेरा मादी घेऊन माझ्या नराशी लावली तर?

मृद्गंध७८
मादी एका कॉपीची असेल आणि तिच्यात मोटली-स्ट्राइप लपलेलं नसेल तर निम्मी टेसेरा, निम्मी नॉर्मल, सगळी हेट मोटली. टेसेरा मोटली बघायचा असेल तर त्यातली टेसेरा मादी पुन्हा मोटली नराकडे न्यायची, चारात एक येईल. मी तरी बापाऐवजी दुसऱ्या घरचा मोटली आणेन. फक्त एक, टेसेराच्या पाठीवर आधीच सरळ पट्टा असतो, त्यामुळे टेसेरा स्ट्राइप ओळखताना जुने लोकही भांडतात, तेव्हा कुठल्या जोडीचं कुठलं पिल्लू ते पहिल्या दिवसापासून डब्यावर लिहून ठेवा. आत्ताच्या डब्यांवरसुद्धा नुसतं मोटली नको, मोटली हेट स्ट्राइप लिहा.