दूरदेशीच्या सेमिनरीला मदत: किती वर्षं?

जमाखर्च: आमचं धर्मग्राम (एका चर्चची वस्ती) परदेशातल्या एका मायनर सेमिनरीला, म्हणजे फादर होऊ पाहणाऱ्या शाळकरी मुलांच्या निवासी शाळेला, पंधरा वर्षं पैसे पाठवतंय. ठरलेल्या रविवारी मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) नेहमीच्या दानाशिवाय त्यासाठी दुसरी झोळी फिरते, नाताळच्या सुमारास आभाराचं पत्र येतं. यंदाचं पत्र मी मागच्या पत्राशेजारी ठेवून पाहिलं. मजकूर तोच, तारीख तेवढी नवी. अर्थसमितीत विचारलं, मुलं किती, त्यातले फादर किती झाले? सगळे गप्प. "चांगलं काम आहे" एवढंच उत्तर. आहेच हो! पण पाच वर्षांची मुदत घाला, रक्कम टप्प्याटप्प्यानं उतरवा, पुढचा भार तिथल्या भाविकांना उचलू द्या.

दुसरी_झोळी: पाच वर्षं कुठून काढलीत? तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून निदान सहा वर्षं, हा चर्चचाच कायदा आहे. त्याआधी मायनर सेमिनरीतली शाळा. आज दाखल झालेला मुलगा तुमच्या मुदतीत अर्ध्या वाटेवरही नसेल. १८८९ साली नागासाकीचे बिशप कुझँ यांची नेमकी हीच अडचण होती. मुलं दारात उभी, शिकवायला पैसा नाही. त्यांनी फ्रान्समधल्या कां शहरातल्या स्टेफनी आणि जान बिगार या मायलेकींना पत्र लिहिलं, आणि त्यातून संत पीटर प्रेषित संस्था उभी राहिली. त्या बायकांनी मुदत विचारली असती तर?

जमाखर्च: हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. ती संस्था १९२२ मध्ये पोपच्या अखत्यारीत गेली. पैसा एका जागी जमतो आणि अनेक सेमिनरींना वाटला जातो. मग तिच्यामार्फतच द्या ना. थेट नात्यात ज्या रेक्टरला (सेमिनरीच्या प्रमुखाला) पत्र छान लिहिता येतं त्याला मिळतं, शेजारचा धर्मप्रांत कोरडा. आणि १९१९ च्या पत्रात पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी स्थानिक धर्मगुरू तयार करायला सांगितलं ते कशासाठी? आपल्या लोकांचा कारभार त्यांना स्वतः सांभाळता यावा म्हणूनच.

अर्ध्यातून_परतलेला: पत्राचं गुपित मी सांगतो. मी तीन वर्षं सेमिनरीत होतो, आम्हालाही बाहेरून मदत यायची. डिसेंबरात एका संध्याकाळी फळ्यावर मजकूर लिहिलेला असायचा, "प्रिय उपकारकर्ते" इथून सुरू. आम्ही तो उतरवून काढायचो, अक्षर चांगलं असलेल्यांना दोन-दोन प्रती. त्यात लबाडी नव्हती. अनोळखी माणसाला पंधरा वर्षांचा मुलगा दुसरं काय लिहिणार?

खरी गोम वेगळी आहे. इमारतीला देणारे भेटत, कोनशिलेवर नाव येतं ना! तांदळाला आणि स्वयंपाक्याच्या पगाराला कोणी भेटत नसे. आणि "फादर किती झाले" हा प्रश्न विचारू नका. माझा फोटो कुठल्याशा चर्चच्या फलकावर लागलाय, हे मला माहीत होतं. निघायचा निर्णय त्या फोटोपायी वर्षभर लांबला. पैसे घेतलेत, आता परत कसं जायचं? सेमिनरी माणूस पारखायलाच असते. बाहेर पडणं हाही पारखण्याचाच निकाल.

छप्पर_गळतंय: एवढ्या लांब कशाला? यंदाची झोळी आपल्याच हॉलच्या छपराला द्या.

दुसरी_झोळी: जमणार नाही. ज्या कारणासाठी लोकांनी दिलं त्यासाठीच ते खर्चायचं, चर्चच्या कायद्याचं कलम १२६७ वाचा. छपरासाठी वेगळी झोळी फिरवा, मी टाकीन.

जमाखर्च: फोटोचं पटलं, आमच्या फलकावरही सहा लावलेत. ते काढायला सांगतो. मुलांची गुणपत्रकं नकोत, पण तपासलेला वार्षिक हिशेब हवाच, आणि त्यात भांडारखर्च (तांदूळ, स्वयंपाकघर) वेगळा दाखवलेला. मुदतीवर मात्र मी ठाम आहे. फार तर पाचची दहा करा.

दुसरी_झोळी: बारा. आणि शेवटची तुकडी बाहेर पडेपर्यंत कपात नाही.

जमाखर्च: पुढच्या बैठकीत मांडा. मी विरोधात मत देईन.