डेलिना घ्यावं की डेलिला? धाकटीच्या लग्नासाठी विचारतेय

विश्रामबागकर:
मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न आहे. तिला परफ्यूम द्यायचाय. पार्फम्स द मार्लीचं डेलिना मनात भरलंय, पण बाटली वीस हजारांच्या पुढे. मेझॉन अल्हम्ब्राचं डेलिला त्याच धाटणीचं, दोन-अडीच हजारांत मिळतं.

मी मार्केट यार्डात अडत दुकानात हिशेब बघते. हळकुंडांचा वास केसांतसुद्धा बसतो, म्हणून रविवारी घरी बसून तपासलं. मैत्रिणीकडचं डेलिना डाव्या मनगटावर, डेलिला उजव्या. डेलिना मारल्या मारल्या लिची सोलताना बोटांवरून ओघळणारं पाणी आठवलं, आणि मागोमाग एक हिरवा आंबटपणा, आंबट चुक्याची जुडी निवडताना येतो तसा. डेलिलात आधी स्पिरिट चढलं, मग लिचीचं सरबत. गोड आहे, छान आहे, पण तो चुका नाही. तासाभराने आईला डोळे मिटून वास घ्यायला लावला तर दोन्ही मनगटांवर तिला गुलाबच आला. डेलिला ओढणीवर दुसऱ्या दिवशीही होतं.

पहिल्या अर्ध्या तासासाठी एवढे पैसे घालावेत का?

मिरजेची मास्तरीण:
तुमचं नाक चोख आहे. तो आंबटपणा रुबार्बचा, म्हणजे आंबट देठांच्या एका विलायती भाजीचा. रुबार्ब आणि आपला चुका एकाच कुळातले! मी केमिस्ट्री शिकवते म्हणून सांगते, लिचीच्या आणि गुलाबाच्या, दोन्ही वासांत रोझ ऑक्साइड हे संयुग असतं. त्यामुळे लिची-गुलाबाची जोडी स्वस्तातही बरी जमते. स्पिरिटचा वास मिनिटभरात उडतो, तोवर नाक लावू नका. आणि उन्हाळ्यात दोन फवारे पुरे, उकाड्यात गोड वास अंगावर येतो. बाटली खिडकीत ठेवू नका, ऊन आणि उष्णतेने वास बिघडतो.

साताऱ्याहून:
कुठलंही घ्या, पण 'ओरिजिनल डेलिना साडेतीन हजारांत' असं कोणी म्हणालं तर हात लावू नका. मी गेल्या दिवाळीत बायकोसाठी ऑनलाइन घेतलं. खोकं हुबेहूब, आत नुसतं गोड पाणी, अर्ध्या तासात वास गायब. पैसे परत मिळाले नाहीत, आणि तिचा पडलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. त्यापेक्षा डेलिला बरं, ते निदान स्वतःच्या नावाने विकलं जातं. माझं मत, खऱ्या बाटलीतून काढलेलं पाच मिली लग्नापुरतं घ्या, ओळखीच्याकडूनच.

विश्रामबागकर:
मनापासून आभार. काल धाकटीला न सांगता दोन्ही कागदाच्या पट्ट्यांवर हुंगायला दिले. तिने डेलिनाची पट्टी नाकापासून हलवलीच नाही, म्हणाली, "ताई, यात काहीतरी ओलं आहे." मैत्रीण तिच्या बाटलीतलं पाच मिली द्यायला तयार आहे. ते अक्षतांच्या वेळी. सासरी रोज वापरायला डेलिलाची अख्खी बाटली देते.