मदत हवी आहे: ब्लड कल्चरमध्ये सतत कंटॅमिनेशन

आयसीयूतून येणाऱ्या ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ (एरवी त्वचेवर राहणारा जंतू) वारंवार उगवतोय. लॅब म्हणते कंटॅमिनंट (रक्तातला नव्हे, बाहेरून बाटलीत शिरलेला), तोवर वॉर्डात व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक चालू झालेलं असतं. रात्रीच्या बाटल्या सकाळपर्यंत फ्रीजमध्ये असतात. सगळे पेशंट प्रौढ. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
आधी तो फ्रीज थांबवा. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस गारठ्यात टिकत नाहीत. बाटल्या खोलीच्या तापमानालाच ठेवा आणि शक्यतो दोन तासांत लॅबच्या कल्चर मशीनमध्ये जाऊ द्या.

आता त्वचा. 70% अल्कोहोलमधलं 2% क्लोरहेक्सिडीन, 30 सेकंद घासून लावा आणि 30 सेकंद आपोआप वाळू द्या. फुंकर नको, कापूस नको. घोळ बहुतेकदा यानंतर होतो: शीर सापडत नाही म्हणून पुसलेल्या जागी परत बोट लागतं. लागलं की पुन्हा पहिल्यापासून. बाटलीचं टोपण काढल्यावर दिसणारं रबर निर्जंतुक नसतं. तेही अल्कोहोलने पुसून वाळू द्या.

प्रतिसाद २
रिपोर्ट किती बाटल्यांपैकी एकीत आहे? एकच बाटली पाठवत असाल तर खरं-खोटं कुणालाच ठरवता येणार नाही. दोन वेगळ्या जागांहून दोन सेट घ्या, सेटमध्ये एरोबिक (हवेत वाढणाऱ्या जंतूंची) आणि ॲनएरोबिक (हवेविना वाढणाऱ्यांची) बाटली, प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली. रक्त कमी पडलं तर जंतू निसटतो. जास्त भरलं तर पांढऱ्या पेशींमुळेच मशीन खोटं पॉझिटिव्ह दाखवू शकतं. बटरफ्लाय सुई असेल तर एरोबिक आधी, कारण नळीतली हवा पहिल्या बाटलीत जाते. सिरिंजने घेताना उलट. सोय म्हणून फक्त सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून) काढू नका.

प्रश्नकर्ता
पेशंट शॉकमध्ये (रक्तदाब कोसळलेला) असेल तर दोन सेटसाठी थांबायचं?

प्रतिसाद २
थांबायचं नाही. दोन्ही हातांतून लागोपाठ घ्या आणि लगेच अँटिबायोटिक द्या. शॉकमध्ये तासाभराच्या आत डोस गेलाच पाहिजे. शिरा मिळत नसतील तर डोस आधी.

प्रतिसाद १
व्हँकोमायसिनचं दुखणं फोनचं आहे. बाटली पॉझिटिव्ह झाली की लॅबने ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं ते) थेट उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावा, 'चारपैकी एका बाटलीत' हे शब्द धरून, आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यावा. नुसतं 'ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय' (स्टॅफ ज्यात येतो तो गोल जंतूंचा गट) ऐकलं की कुणीही व्हँकोमायसिन लावणारच. पूर्ण ओळख आल्यावर, फार तर 48 तासांत, ते चालू ठेवायचं की नाही हे लॅब आणि डॉक्टर दोघांनी मिळून ठरवा. कृत्रिम झडप किंवा लाइन असलेल्या पेशंटमध्ये मात्र हाच स्टॅफ खरा असू शकतो. आणि स्टॅफ ऑरियस किंवा कॅन्डिडा (बुरशी) एका बाटलीत आला तरी कंटॅमिनंट म्हणून सोडायचा नाही.