मदत हवी आहे: युनिव्हर्सिटीचा मेल उघडता उघडत नाही

थिसिसग्रस्त (सोमवार, रात्री ११:४२)
कोणी मेल सर्व्हर वगैरेतलं जाणकार आहे का इथे? गेले आठ-दहा दिवस मेल इतका स्लो झालाय की डोकं फिरायची वेळ आलीये. इनबॉक्स क्लिक केलं की नुसतं फिरत बसतं, मग उघडतं, मग दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलं की परत तेच. पासवर्ड बरोबर आहे, नेट मस्त आहे, व्हिडिओ कॉल चालतो. गाईडला गुरुवारी चॅप्टर पाठवायचाय आणि त्यांच्या कॉमेंट्स असलेल्या मेल शोधता शोधता अर्धा दिवस जातोय. हेल्पडेस्कला विचारलं तर म्हणे कॅशे क्लिअर करा. कसली कॅशे ते सांगितलं नाही. प्लीज लवकर सांगा.

बोकोबा (११:५०)
कुठलं सॉफ्टवेअर? लॅपटॉप का मोबाईल? विंडोज का काय? आयमॅप का पॉप, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतो का उतरवून घेता? स्लो म्हणजे किती? भाऊ, थोडं तरी सांगा, आम्ही काय ज्योतिषी आहोत का.

मिरमिरा (११:५३)
अँटीव्हायरस. ९९ टक्के अँटीव्हायरस. मेल स्कॅनिंग बंद करा, सुटाल. माझ्याकडे अस्संच व्हायचं.

थिसिसग्रस्त (मंगळवार, ००:१०)
थंडरबर्ड आहे, विंडोज, आयमॅप. आणि भाऊ नाही, बाई आहे मी. अँटीव्हायरसमधलं मेल स्कॅनिंग बंद करून पाहिलं, काही फरक नाही.

बोकोबा (००:१४)
सॉरी ताई. पण किती वेळ ते अजून सांगितलं नाहीत.

जुनाखोड (सकाळी ६:३०)
हा सरळसरळ आयडेंटचा प्रकार दिसतो. आमच्या काळी मेल सर्व्हर आधी उलटा आपल्या मशीनच्या ११३ पोर्टवर, म्हणजे ११३ नंबरच्या दारावर, येऊन विचारायचा की बाबा रे तू कोण. मधल्या फायरवॉलने ते पॅकेट गिळलं की सर्व्हर उत्तराची वाट बघत बसायचा आणि मगच पुढे सरकायचा. नाहीतर रिव्हर्स डीएनएस. आयपी पत्त्यावरून मशीनचं नाव शोधायला जातो, ते सापडत नाही, तोवर तुम्ही ताटकळत. सर्व्हरवाल्यांना सांगा दोन्ही बंद करायला. मी हे किमान चार ठिकाणी निस्तरलंय.

खुंटी (७:०५)
इतकं काय त्यात, सगळा मेल जीमेलला फॉरवर्ड लावून टाका. मी तेच केलंय, कटकटच नाही.

कुंपणावरची (७:२०)
@खुंटी असे सल्ले देऊ नका हो. बऱ्याच युनिव्हर्सिटीत ऑफिशियल मेल बाहेर फॉरवर्ड करायला परवानगी नसते, रिसर्च डेटा असतो त्यात. शिवाय फॉरवर्ड केलेल्या मेलचं एसपीएफ, म्हणजे मेल खऱ्या सर्व्हरवरून आलाय का ती तपासणी, तुटतं आणि अर्धे मेल स्पॅममध्ये जाऊन बसतात. गाईडचा मेल स्पॅममध्ये गेला तर?

खुंटी (७:२२)
माझे नाही गेले कधी.

कुंपणावरची (७:२३)
गेलेले तुम्हाला दिसणार कसे?

ढवळाढवळ (९:१५)
थंडरबर्ड डिफॉल्टने एका अकाउंटला ५ कनेक्शन उघडून ठेवतं. सर्व्हर सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन ५ चं १ करा. सर्व्हरचं सॉफ्टवेअर डव्हकॉट असेल तर एका युजरला एका आयपीवरून १० चीच मुभा असते, मोबाईल, लॅपटॉप, लॅबचा पीसी असं सगळं चालू असेल तर लिमिट भरते.

टिचकी (९:४०)
लिमिट भरली तर सर्व्हर तोंडावर एरर मारतो, थांबवून ठेवत नाही. ताईंना एरर येतच नाहीये, उशिरा का होईना उघडतंय.
ताई, तीन गोष्टी सांगा. एक, मोबाईलचं घड्याळ लावून मोजा की नक्की किती सेकंद लागतात, आणि दर वेळी तेवढेच लागतात का. दोन, घरी किंवा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काय होतं. तीन, मेल पाठवतानाही असंच होतं का.

वाटसरू७ (१०:०२)
अवांतर: शीर्षकात "युनिव्हर्सिटीचा मेल", म्हणजे तो मेल. खाली "कॉमेंट्स असलेल्या मेल", म्हणजे ती मेल. एकदा काय ते ठरवा. टपाल नपुंसकलिंगी आहे, पत्रही. मग ई-पत्राला आपण पुरुष का केलं?

कुंपणावरची (१०:१०)
आम्ही "ती मेल" म्हणतो. "तो मेल" ऐकलं की पुढे "फीमेल" येणार असं वाटतं.

बोकोबा (१०:११)
तो निरोप, म्हणून तो मेल. विषय संपला.

वाटसरू७ (१०:१५)
ती चिठ्ठी, म्हणून ती मेल. विषय आत्ता सुरू झालाय.

थिसिसग्रस्त (दुपारी १:३५)
अहो तुमचं लिंग ठरेपर्यंत माझं रजिस्ट्रेशन संपेल.
मोजलं. पहिल्यांदा २१ सेकंद. दुसरं फोल्डर, २१. तिसरं, परत २१, जरा इकडेतिकडे. एकदा उघडलेल्या फोल्डरमध्ये लगेच परत गेले तर पटकन उघडतं. घरी एकदम फास्ट, हॉटस्पॉटवर पण फास्ट. हॉस्टेल आणि डिपार्टमेंटच्या वायफायवरच रडतं. पाठवायला वेळ लागत नाही, पण पाठवून झाल्यावर "सेंटमध्ये कॉपी करत आहे" वर लटकतं. ब्राउझरमध्ये वेबमेल उघडला तर हॉस्टेलवरही पटकन उघडतो, ते मी आधी सांगायला हवं होतं का?

टिचकी (१:४१)
हो!! हेच तर सगळ्यात आधी हवं होतं :)
नेट स्लो असतं तर कधी ५, कधी ३० असं झालं असतं. दर वेळी २१ म्हणजे कोणीतरी कुठेतरी मोजून वाट बघतंय. विंडोजवर २१ हा ओळखीचा आकडा आहे: दार वाजवायचं, ३ सेकंद थांबायचं, परत वाजवायचं, ६ थांबायचं, परत, १२ थांबायचं, मग नाद सोडायचा. ३+६+१२. माझा अंदाज, मेल सर्व्हरला हल्ली आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीचा, पत्ता दिलाय आणि कॅम्पसच्या फायरवॉलमध्ये त्या पत्त्यासाठी ९९३ पोर्ट (आयमॅपचं दार) उघडायचा राहिलाय. थंडरबर्ड आधी नव्या पत्त्यावर जातं, २१ सेकंद ताटकळतं, मग मुकाट जुन्या आयपीव्ही४ वर येतं आणि लगेच जोडलं जातं.
कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप लिहून पुढे इनकमिंग सर्व्हरचं नाव द्या. किती पत्ते येतात?

जुनाखोड (२:२०)
पटत नाही. हॉटस्पॉटवर पण आयपीव्ही६ असतंच की, मग तिथे का नाही अडकत? मी म्हणतो रिव्हर्स डीएनएस. कॅम्पसच्या आतल्या आयपींची नावं नोंदलेली नसणार.

टिचकी (२:३४)
काका, हॉटस्पॉटवर आयपीव्ही६ चा रस्ता सताड उघडा आहे, म्हणून नव्या पत्त्यावरूनही लगेच जोडलं जातं. इथे रस्ता आहे असं लॅपटॉपला वाटतं आणि पुढे भिंत आहे. फायरवॉलने सरळ "नाही" म्हटलं असतं तर थंडरबर्ड त्याच क्षणी दुसरीकडे वळलं असतं, पण तो पॅकेट गुपचूप टाकून देतो. रिव्हर्स डीएनएसमध्ये लिनक्सचा रिझॉल्व्हर, म्हणजे नाव शोधणारा भाग, ५-५ सेकंदांच्या टप्प्यात थांबतो, आयडेंटला सेंडमेल हा मेल सर्व्हर डिफॉल्टने ५ सेकंद देतो. २१ कुठून आणणार?

जुनाखोड (२:५०)
मग ब्राउझर का नाही अडकत? सांगा.

टिचकी (३:०५)
एकतर वेबमेल ४४३ पोर्टवर चालतो, तो उघडा असेल. आणि नसला तरी ब्राउझर हुशार असतात, एका पत्त्याकडून पाव सेकंदात उत्तर नाही आलं की दुसरा पण वाजवून बघतात, जो आधी उघडेल तो खरा. "हॅपी आयबॉल्स" म्हणतात त्याला, इंटरनेटच्या नियमांची जी आरएफसी कागदपत्रं असतात त्यातलं २०१२ चं ६५५५ आणि २०१७ चं ८३०५ वाचा. मेल क्लायंट रांगेत एकेक पत्ता घेतो. आणि ढवळाढवळ यांचं ते ५ कनेक्शनचं इथे लागू पडतं, पण वेगळ्या तऱ्हेने. प्रत्येक नवं फोल्डर म्हणजे नवं कनेक्शन, म्हणजे नवे २१ सेकंद.

ढवळाढवळ (३:०८)
म्हणजे मी बरोबरच होतो.

मिरमिरा (३:३०)
तरी अँटीव्हायरस एकदा पूर्ण अनइन्स्टॉल करून बघाच.

लिंबूटिंबू (४:१२)
मला पण विचारायचं होतं, पास आऊट झाल्यावर युनिव्हर्सिटीचा मेल किती दिवस चालू राहतो? माझे सगळे फोटो त्यातच आहेत.

थिसिसग्रस्त (संध्याकाळी ७:१८)
एनएसलुकअप केलं. दोन पत्ते आले, एक नेहमीसारखा टिंबांचा आणि एक लांबच लांब, मध्ये विसर्गासारखी टिंबं. आऊटगोइंग सर्व्हरचं नाव वेगळं आहे, त्याला फक्त टिंबांचाच आला. आता पुढे काय?

टिचकी (७:२२)
म्हणून पाठवायला वेळ लागत नाही, आणि सेंटमध्ये कॉपी करायला लागतो, कारण ती कॉपी आयमॅपनेच जाते. बसलं सगळं.
सेटिंग्ज, जनरल, अगदी खाली कॉन्फिग एडिटर. तिथे डिसेबलआयपीव्ही६ शोधा, सुरुवातीला नेटवर्क डॉट डीएनएस असेल. फॉल्स आहे त्याचं ट्रू करा आणि थंडरबर्ड पूर्ण बंद करून परत उघडा. बाकी काही हलवू नका तिथे. विंडोजमधून आयपीव्ही६ बंद करा म्हणून कोणी सांगेल, ते मात्र करू नका.

थिसिसग्रस्त (७:३१)
अगं बाई!! दोन सेकंद. मोजायच्या आत उघडलं. सगळी फोल्डरं एकेक करून उघडून बघितली, सगळी धडाधड. दहा दिवस मी यात घातले.

टिचकी (७:३३)
झकास. पण ही मलमपट्टी आहे. हेल्पडेस्कला परत लिहा, आणि "मेल स्लो आहे" असं लिहू नका, परत कॅशे क्लिअर करायला सांगतील. लिहा की इनकमिंग सर्व्हरच्या आयपीव्ही६ पत्त्यावर कॅम्पसच्या वायफायवरून पोर्ट ९९३ ला उत्तर येत नाही, आयपीव्ही४ वर येतं, बाहेरच्या नेटवर्कवरून दोन्ही चालतात. एनएसलुकअपचा स्क्रीनशॉट जोडा. म्हणजे ते नेटवर्कवाल्यांकडे जाईल.

जुनाखोड (८:००)
ठीक आहे, या वेळी आयपीव्ही६. पण रिव्हर्स डीएनएस पण बघायला सांगा त्यांना, लगे हाथ.

लिंबूटिंबू (९:४५)
माझ्या फोटोंचं कोणी सांगेल का?

कुंपणावरची (९:५२)
फोटो आजच उतरवून घ्या. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो, कळेपर्यंत अकाउंट गेलेलं असेल.

थिसिसग्रस्त (शुक्रवार, दुपारी १२:०६)
उशिरा लिहितेय, चॅप्टर गेला काल. हेल्पडेस्कचं उत्तर आलं, नेटवर्क टीमने म्हणे नियम टाकलाय, आता तपासून सांगा.

टिचकी (१२:१५)
मग ते ट्रू परत फॉल्स करा आणि घड्याळ लावा. तेव्हाच कळेल खरंच टाकलाय का.

थिसिसग्रस्त (१२:१९)
उद्या करते. आत्ता गाईडची मेल आलीये, चॅप्टरवर एकेचाळीस कॉमेंट्स आहेत.

वाटसरू७ (१२:२०)
"आलीये". नोंद घेतली.