सोलापुरात घर घ्यावं की साताऱ्याच्या डोंगरपायथ्याला? घेतलेल्यांनी अनुभव टाका

होटगी_रोड
नमस्कार मंडळी. आमच्या घरात सध्या हा एकच विषय चालूय. पप्पा यंदा रिटायर होतायत आणि त्यांना साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला छोटं घर पाहिजे. म्हणणं असं की सोलापूरचा उन्हाळा आयुष्यभर काढला, आता सकाळी उठून डोंगर बघायचाय. आई म्हणते माझ्या बहिणी, भिशी, डॉक्टर सगळं इथं, मी कुठं येत नाही, घ्यायचंच असेल तर जुळे सोलापुरात मोठं घ्या. आणि मी मध्ये, कारण लोन माझ्या नावावर होणार. पुण्यात ज्या पैशात वन बीएचके बघताना पण घाम फुटतो त्यात दोन्हीकडं बऱ्यापैकी घर येतंय, त्यामुळं रेट विचारतच नाहीये. राहायला गेल्यावर काय काय निघतं ते सांगा. एजंट लोकांनी प्लीज लांब राहा.

सैफुलची_सून
आम्ही विजापूर रोडला रो हाऊस घेतलं. घर दाखवायला येणारा माणूस किचन ट्रॉली दाखवतो, फॉल सीलिंग दाखवतो, हौद दाखवत नाही. तुम्ही आधी हौदाचं झाकण उघडायला लावा. सोलापुरात नळाला पाणी चार-चार पाच-पाच दिवसाआड येतं हे इथल्या शेंबड्या पोराला पण माहितीय, उजनी भरलेली असो नाहीतर रिकामी, आपल्या नळाला फार फरक पडत नाही कारण धरण शंभर किलोमीटरवर आणि सगळा खेळ पाइपलाइनचा. म्हणून हौद किती लिटरचा आहे, वरची टाकी किती, बोअरला मेमध्ये पाणी असतं का आणि तुमच्या गल्लीत पाणी कुठल्या टायमाला सोडतात हे शेजारणीला विचारा. आमच्याकडं रात्री दीड वाजता यायचं. सासूबाई आवाजावरून ओळखतात नळ आला म्हणून. हौद मोठा असला की जगणं सोपं, एवढं सांगते.

काळी_माती
सिव्हिलचा माणूस आहे, सोलापुरातच साइट्स केल्यात. पाण्यावर वहिनींनी सांगितलंच, मी मातीवर सांगतो. आपल्याकडं बऱ्याच भागात वरचा थर काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून अशा भेगा पडतात की हात जाईल. पाया या थरातून खाली मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला नसेल तर घर वर्षातून दोनदा हलतं, मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा जातात. प्लास्टरच्या बारीक केसासारख्या चिरा वेगळ्या, त्याला घाबरू नका. तिरपी, पायरी-पायरीनं जाणारी, नाणं आत जाईल अशी चीर दिसली की समजायचं. नवीन रंग दिलेल्या घरात हे दिसत नाही, म्हणून रिसेलचं घर मे महिन्यात बघायचं. ऊन लागेल, लागू दे की. पश्चिमेची भिंत किती तापते ते पण त्याच वेळी कळतं. टेरेसला चायना मोझाइक (पांढऱ्या टाइलचे तुकडे) किंवा निदान पांढरा कोट पाहिजेच, आपल्याकडं पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो आणि स्लॅब रात्री अकरापर्यंत ती धग खाली सोडत बसतो. जुनी माळवदाची (लाकडावर मातीचं जाड छत असलेली) घरं बांधणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा जास्त कळत होतं, पण आता माळवद घालणारा कारागीर शोधून दाखवा.

गोडोलीकर
मूळचा मोहोळचा, नोकरीमुळं साताऱ्यात, आता इथलाच झालो. तुमच्या पप्पांची बाजू घेतो. सातारा म्हणजे अजिंक्यतारा डोक्यावर, पलीकडं यवतेश्वरचा घाट चढलं की कास. उन्हाळ्यात संध्याकाळी वारं सुटतं त्याला पैशात मोजता येत नाही. पाण्याचं म्हणाल तर शहराच्या काही भागाला कासचं, बाकीच्याला शहापूर योजनेचं. कासचं पाणी वरून उतारानंच येतं. घर बघताना आपल्या गल्लीला कुठलं पाणी आहे ते विचाराच, दोन्हीच्या वेळा आणि प्रेशर सारखं नसतं. आणखी एक, २०२० ला हद्दवाढ झाली, शाहूपुरी, गोडोलीकडचा बराच भाग नगरपालिकेत आला. त्याच्या आधीची बांधकामं ग्रामपंचायतीच्या परवानगीवरची आहेत, काही नीट, काहींचे कागद म्हणजे नुसता ठराव. बँक तिथंच अडते.

होटगी_रोड
@गोडोलीकर दादा, पप्पांना वाचून दाखवलं, पाण्याचं आलं तेवढंच दोनदा वाचायला लावलं. कागदाचं आलं तेव्हा चहा करायला गेले.

उतारा_बघा_आधी
हसू नका, त्या कागदातच सगळं असतं. सोलापुरात पण तेच हाय. १९९२ ला आजूबाजूची गावं शहरात आली, तो हद्दवाढ भाग, तिथं आजही गुंठेवारीचे, म्हंजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून इकलेले, प्लॉट भरपूर. सात-बारावर दहा-बारा नावं, सगळ्यांचं मिळून सामाईक क्षेत्र, आणि इकणारा म्हणतो हा कोपरा माझा. कुठला कोपरा बे? उताऱ्यावर कोपरा लिवलेला नसतो. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, नियमित करून घेता येतं, पण इकणाऱ्यानं ते करून दिलेलं पाहिजे, "नंतर होतंय की" हे ऐकायचं न्हाई. माझ्या साडूनं असाच स्वस्त बघून घेतला, घर बांधालाय म्हणून लोनला गेला तर बँकेनं फाइल परत दिली, शेवटी सोनं ठेवून स्लॅब टाकला. एनए (बिगरशेती) ऑर्डर, मंजूर लेआउट, वकिलाचा तीस वर्षांचा सर्च (जुन्या व्यवहारांचा तपास), फेरफार (मालकी बदलाची नोंद) आणि बांधलेलं असंल तर भोगवटा प्रमाणपत्र. एवढं बघूनच इसार द्यायचा. आणि साताऱ्याकडं "फार्महाऊस प्लॉट" म्हणून जे दाखवालेत ते बहुतेक शेतजमीन असतंय, तुम्ही शेतकरी नसाल तर ती तुमच्या नावावर सहज होत न्हाई.

पुणे_रिटर्न
आम्ही दोघं आयटीत, हिंजवडीतून वर्क फ्रॉम होम मिळालं आणि सरळ सोलापूरला आलो, बायको इथली म्हणून. होटगी रोडच्या बाजूला टू बीएचके घेतला, हप्ता आता आमच्या पुण्यातल्या भाड्यापेक्षा कमी आहे. महिन्यातून एकदा ऑफिसला जावं लागतं तेव्हा हुतात्मा एक्स्प्रेसनं जातो, मुंबईचं काम असलं तर २०२३ पासून वंदे भारत आहेच. लोकांनी घाबरवलं होतं की इथं पोरांना काय मिळणार, तर पोरगा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत जेवढा हिंडला तेवढा पुण्याच्या मॉलमध्ये कधी हिंडला नव्हता. पैशाचं एक सांगतो, बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो, पंचेचाळीस लाखांच्या आत आणि नव्वद चौरस मीटर कार्पेटच्या आत असेल तर एक टक्का, नाहीतर पाच. भोगवटा मिळाल्यानंतर घेतला तर शून्य. आणि घर बाईच्या एकटीच्या नावावर केलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट. आमचं घर बायकोच्या नावावर आहे, आता भांडण झालं की मला त्याची आठवण करून दिली जाते. विमानतळाजवळ उंच बिल्डिंगमध्ये बघत असाल तर उंचीची परवानगी पण तपासा.

अशोक_चौक
आम्ही पूर्व भागातली माणसं, घरात आजी अजून तेलुगूच बोलते. इथं कुणी टू बीएचके शोधत नाही, खाली चार लूम आणि वर राहायचं, तसंच घर लागतं. आता लूम विकले, खालच्या शेडचं काय करायचं यावर तीन भावांचं एकमत नाही. बाहेरून येणाऱ्याला या भागात घर स्वस्त वाटेल पण जागा बहुतेक भावाभावांतली असते, एकाची सही राहिली की झालं. दिवसभर खटखट ऐकू येईल ते वेगळं, आम्हाला ती बंद पडली की झोप येत नाही.

शाहूनगरची_माई
साताऱ्याच्या डोंगरउतारावर आम्ही बावीस वर्षं राहिलो, आता मुलीकडं सोलापूरला असते. पप्पांना हे जरूर वाचून दाखव. व्ह्यू सुंदर, सकाळी मोर ओरडतात. पण उतारावरच्या घराला मागं रिटेनिंग वॉल (डोंगराची माती अडवणारी भिंत) लागते, आणि त्या भिंतीत पाणी बाहेर पडायला भोकं ठेवलेली पाहिजेत, नसली तर पावसाळ्यात डोंगराचं पाणी भिंतीमागं साठून भिंतच पुढं येते. आमच्या शेजाऱ्यांची आली. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, डोंगराकडच्या भिंतीला ओल, गादीला वास, कपाटात बुरशी, म्हणून तिकडं सगळे गच्चीवर पत्रा टाकतात. माकडं पत्र्यावर नाचतात ते धरूनच चालायचं. आणि चढ. पन्नाशीत काही वाटलं नाही, यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर रिक्षावाला खालीच सोडायचा आणि वर यायला आम्हाला पंधरा मिनिटं लागायची. घ्यायचं तर सदर बझारकडं किंवा गोडोलीत सपाटीला घ्या, डोंगर तिथूनही दिसतोच. जास्त उतारावर तसंही नियमानं बांधकाम चालत नाही, एकास पाचपेक्षा जास्त उतार (पाच फूट पुढं गेलं की एक फुटापेक्षा जास्त चढ) असेल तर प्लॉट कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

काळी_माती
माईंनी भोकांचं सांगितलं ते शंभर टक्के. वीप होल म्हणतात त्याला. ती सिमेंटनं बुजवून वर सुंदर दगडी टाइल लावलेली मी स्वतः बघितलीय.

मोदीचा_पोट्टा
मला एक कळंना, काकू येणार नाहीत म्हणल्यावर साताऱ्यात काका एकटे स्वयंपाक करणारेत का? कडक भाकरी आणि शेंगाचटणी पार्सल पाठवावी लागंल बघ.

होटगी_रोड
@मोदीचा_पोट्टा आईनं हाच मुद्दा मांडलाय, जरा वेगळ्या शब्दात.

बरं, आज घरात ठरलं ते सांगतो. विकत काही घ्यायचं नाही सध्या. जूनपासून साताऱ्यात सपाटीला भाड्यानं घर बघायचं, दिवाळीपर्यंत पप्पा राहतील, आई येऊन-जाऊन. इकडं जुळे सोलापुरातलं एक रिसेलचं रो हाऊस मी येत्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता बघायला जाणारेय, हौदाचं झाकण आणि खिडकीचे कोपरे दोन्ही बघून येतो. @उतारा_बघा_आधी, सर्च रिपोर्टला वकील साधारण किती घेतात आणि किती दिवस लावतात ते सांगून ठेवा. आणि @गोडोलीकर दादा, सदर बझारला भाडं काय चालूय सध्या? खाली पार्किंग पाहिजे, पप्पांची स्कूटर त्यांच्याबरोबर येणारेय.