देव न मानणाऱ्या गटाने वारकऱ्यांच्या पायांवर उपचार करायला बसावं का?

बालाघाटची लेक (अंबाजोगाई)

नमस्कार. मी अंबाजोगाईत रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. आमचा १४ जणांचा गट आहे. तीन शिक्षक, एसटीतला एक मेकॅनिक, दोन आशाताई आणि बाकी कॉलेजची पोरं. गटाला नाव नाही, नोंदणी नाही. आम्ही कुणी देवधर्म पाळत नाही, एवढ्या एका गोष्टीवर एकत्र आलो आणि नुसत्या चर्चा करून कंटाळलो म्हणून कामाला लागलो.

आमचं मुख्य काम म्हणजे रक्तदात्यांची वही. इथल्या सरकारी दवाखान्यात केज, धारूर, परळीकडून पेशंट येतात. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, आणि रक्त तर फार दिवस साठवून ठेवता येत नाही. पिशवी ३५ दिवस टिकते, फार तर ४२. थॅलेसेमियाच्या लेकरांना दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना सुट्टी नसते. म्हणून वहीत प्रत्येकाचा रक्तगट आणि मागच्या रक्तदानाची तारीख लिहितो. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी फोन. हे नीट चाललंय.

वाद पेटलाय तो पालखीवरून. शेगावहून गजानन महाराजांची पालखी परळीमार्गे आमच्या गावात येते. गेल्या वर्षी त्या दिवशी लॅबच्या पायरीवर एक आजी टेकल्या होत्या. चप्पल काढली तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, कातडी पांढरी पडून सुटलेली. त्या खोबरेल तेलात हळद कालवून लावत होत्या. मी वाकून बघितलं तर अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, आत खोल गेलेली. मी म्हणाले, आजी, एवढं लागलंय, चालता कशा? तर म्हणाल्या, "मला काही दुखत न्हाई माय, माउलीची कृपा हाय." बोटाला सुई टोचून साखर बघितली. ३८६ निघाली. त्यांना मधुमेह आहे हे त्यांनाच माहीत नव्हतं. साखरेनं पायाची जाणीव गेली होती, म्हणून दुखत नव्हतं. मी जखम धुऊन पट्टी केली, चिठ्ठी लिहून दवाखान्यात पाठवलं. कृपेबद्दल काहीच बोलले नाही. वर्षभर ते मनात घोळतंय.

यंदा मुक्कामाच्या ठिकाणी टेबल टाकायचं मी सुचवलं. आमच्यातले एक सर ठाम नाही म्हणाले. "आयुष्यभर लोकांना सांगतोय, कुणाच्या पायाशी बसून प्रश्न सुटत नाहीत, आणि आता आपणच तिथं बसायचं?" पोरांचं म्हणणं वेगळंच. बसायचं, पण मोठा फलक लावून, की आम्ही देव न मानणारे आहोत. मागं एका मंडळानं आम्हाला शिबिराला जागा दिली होती. आरतीला आम्ही शांत उभे राहिलो, हात जोडले नाहीत. पुढच्या वेळी जागा मिळाली नाही. ते पोरांना फार लागलंय.

तर विचारायचं असं, की बसावं का? फलक लावावा का? आणि अशा आजींना खरं सांगावं का?

पूर्णाकाठ (परभणी)

ताई, बसा, आणि आपल्या ओळखीनं बसा. लाजायचं कारण नाही. महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढला आणि चारच वर्षांत दुष्काळ आला, तेव्हा पोरक्या-उपाशी लेकरांसाठी धनकवडीला बालाश्रम चालवला. भटजी नको म्हणणारी माणसंच लेकरांना भाकरी घालत होती आणि ते लोकांना दिसत होतं.

अंनिसचंही, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचंही, तसंच. "होळी लहान करा, पोळी दान करा" म्हणत कार्यकर्ते घरोघर जातात. होळी बंद करा असं कुणी म्हणत नाही. आगीत जाणारी पोळी गरिबाच्या ताटात जाते आणि ती देणारी बाई बहुतेक वेळा रोज दिवा लावणारी असते. अंनिसचे नरेंद्र दाभोलकर शेवटपर्यंत सांगत राहिले की आमचा विरोध देवाला-धर्माला नाही, त्यांच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. तुमच्या सरांना एवढंच विचारा, चिखल्यांना मलम लावण्यात शोषण कुठं आहे?

फलकाबाबत मात्र मी पोरांच्या बाजूचा. नाव नसलं की काम दुसऱ्याच्या खात्यावर जातं.

तेरणाकाठ (औसा)

फलकाचं मला पटत नाही. का ते सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, गाव दमून झोपलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. मी अकरावीला होतो. दुसऱ्या दिवशी ट्रकमधून किल्लारीला गेलो. माळवदाची घरं ती. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचा भार, सगळं झोपलेल्या माणसांवर आलेलं. सुमारे १० हजार माणसं गेली. पहिल्या आठवड्यात तिथं इतके फलक होते की रस्ता दिसेना. दिवाळीनंतर बरेचसे उतरले.

एक गृहस्थ मात्र दर गुरुवारी सोलापूरहून यायचे. पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना गणित शिकवायचे, वह्या तपासून न्यायचे. वर्षभर आले. ते देव मानायचे की नाही, आम्हाला कधी कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पण बुधवारी रात्रीच पोरं वह्या काढून बसायची.

म्हणून माझं मत असं की पालखी एक दिवसाची, वही बारा महिन्यांची. पालखीच्या नादात, फलकाच्या भांडणात वही बंद पडली तर त्या थॅलेसेमियाच्या लेकरांचं काय? सरांना दुखवून गट फोडू नका.

माळकरी (गंगाखेड)

ताई, मी माळकरी हाय, बारा वर्षं दिंडीत चालायलोय. तुम्ही देव मानता का न्हाई, आमाला काय फरक पडतंय? या.

पण थोडं ध्यानात ठेवा. दुपारच्या विसाव्याला बसू नका, तवा कुणाला येळ नसतो. रात्री मुक्कामाला, जेवणं झाल्यावर बसा. पाय धुवू नका, आमच्यात त्येचा अर्थ येगळा होतो आणि म्हातारी माणसं संकोचून उठून जातेत. ज्येचं त्येनं धुवावं, तुम्ही कोरडं फडकं द्या. पावसात काळ्या मातीचा चिखल बेचक्यांत बसतो, पाय कोरडा झाल्याबिगर मलम धरत न्हाई. पाण्याचे फोड आले तर कातडी काढू नका, दुसऱ्या दिवशी चालायचं असतं. आणि एक म्हत्त्वाचं. साखरेच्या गोळ्या खाणारे एकादशीला उपास धरतेत आणि गोळी तशीच घेतेत. आमच्यातला एक जण असाच चक्कर येऊन पडला. ते सांगा कुणीतरी, आमचं ऐकत न्हाईत.

लोक तुमाला माउली म्हणतील. म्हणू द्या. आमी समद्यालाच म्हणतो.

बालाघाटची लेक (अंबाजोगाई)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शाळेच्या ओट्यावर बसून तुमची उत्तरं सगळ्यांना वाचून दाखवली.

सर येणार नाहीत. पण त्या रात्री वही आणि फोन ते सांभाळणार आहेत, म्हणजे कुणाला रक्त लागलं तर अडायचं नाही. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. मला फार बरं वाटलं. फलक लावायचा, पण त्यावर फक्त "पाय आणि साखर तपासणी, मोफत" एवढंच. कुणी विचारलं तुम्ही कोण, तर पोरांनी खरं ते सांगायचं, लपवायचं नाही. पूर्णाकाठ दादा, तुमचं पूर्ण ऐकलं नाही, माफ करा.

माळकरी दादा, कोरड्या फडक्यांसाठी दोन आशाताई जुन्या सुती साड्या धुऊन फाडायला बसल्यात. उपासाच्या गोळीचं मोठ्या अक्षरात लिहून टेबलावर लावतोय. गोळी कमी करायची की थांबवायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, हेही त्यात आहे.

आणि त्या आजी यंदा आल्या तर मी कृपेवर बोलणार नाही. त्यांचा पाय मांडीवर घेऊन एवढंच सांगणार आहे, "आजी, दुखत नाही हाच तुमचा आजार आहे. रोज रात्री सुनेला तळवा बघायला लावा."